मदत हवी आहे: कच्चा लसूण आणि पोटाचा कॅन्सर

मालवणला राहतो. मामांना पोटाचा कॅन्सर निघाल्यापासून आई (वय 64, रक्त पातळ करणारी गोळी चालू) रोज अनशापोटी लसणाच्या चार पाकळ्या पाट्यावर ठेचून खाते, वर कोमट पाणी. हल्ली छातीत जळजळतं, तरी सोडत नाही.

चीनच्या शानडोंगमधल्या चाचणीचे 2019 चे निष्कर्ष वाचले. लसणाच्या अर्काच्या गोळ्या सात वर्षं दिल्यावर पोटाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू घटले, पण कॅन्सर होण्याचं प्रमाण तितकं ठामपणे घटलं नाही. शिवाय तो अर्क होता, कच्च्या पाकळ्या नव्हेत. लसणामुळे रक्त आणखी पातळ होऊ शकतं, ही माझी खरी काळजी.

ठेचून दहा मिनिटं ठेवलेला लसूण आमटीत घालून पाहिला. जळजळ थांबली, पण "शिजवला की गुण जातो" म्हणून आईने परत कच्चाच धरला. रक्त पातळ करणारी गोळी बंद करणार नाही, डॉक्टरांकडे पुढच्या आठवड्यात जातोय.

अशी गोळी चालू असताना तुमच्या डॉक्टरांनी कच्चा लसूण किती चालेल म्हणून सांगितलं? आणि एच. पायलोरीची (पोटाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा पोटातला जिवाणू) तपासणी कुडाळ-सावंतवाडीकडे कुठे होते?