बर्फावरच्या हवेची ‘लवचिकता’? रशियन कोष्टक इंग्रजीत नेताना अडलेय

गंगापूररोडकर:
घरी बसून रशियन–इंग्रजी भाषांतरं करते. बाबा ओझरच्या मिग कारखान्यात होते, त्यामुळे जाड रशियन मॅन्युअलं बघतच वाढले. यंत्रांचं काम हातचा मळ, पण या वेळी अंटार्क्टिकावरच्या जुन्या हवामान-नोंदी आल्यात. कोष्टकात दोन रकाने: ‘उप्रूगस्त नासिश्चेनिया नाद वदोय’, आणि दुसऱ्यात शेवटी ‘नादा ल्दोम’. (‘नाद’ म्हणजे ‘वर’, ‘वदोय’ पाणी, ‘ल्दोम’ बर्फ, ‘नासिश्चेनिया’ संपृक्तता. मला बर्फाचा नाद लागलाय तो वेगळा.) उप्रूगस्त म्हणजे लवचिकता, स्प्रिंगची असते ती. म्हणून ‘इलॅस्टिसिटी ऑफ एअर अबव्ह आइस’ लिहिलं. तपासणाऱ्याने लाल रेघ ओढून परत पाठवलं, कारण काही नाही. उणे 10 अंशांसमोर पहिल्या रकान्यात 2.86, दुसऱ्यात 2.60. तापमान एकच, मग आकडे दोन कसे? शुक्रवारी द्यायचंय.

निवृत्त_वेधशाळावाला:
ताई, तिथे हवेची गोष्ट नाहीच, वाफेची आहे. उप्रूगस्त म्हणजे वाफेचा दाब. जुन्या इंग्रजी पुस्तकांतही ‘इलॅस्टिक फोर्स’ म्हणायचे, आता ‘सॅच्युरेशन व्हेपर प्रेशर ओव्हर आइस’. ‘अबव्ह’ काढा, वाचणाऱ्याला वाटेल बर्फापासून अमुक उंचीवर मोजलंय. उणे 10 ला पाणी न गोठताही राहतं, ढगांत तर सर्रास. बर्फातले रेणू घट्ट धरलेले, सहज सुटत नाहीत, म्हणून त्यावर कमी वाफेत संपृक्तता (सुटणारे आणि परतणारे रेणू समसमान) येते. आकडे मिलिबारमध्ये आहेत. हेक्टोपास्कल लिहिलंत तरी तेच राहतील.

द्राक्षवाला_निफाड:
आमच्याकडे पारा 4 वर, तरी पहाटे पानावर दव गोठलेलं. रात्रभर बागेत शेकोट्या करतो. अशा गारठ्याला रशियन काय म्हणतात?

निवृत्त_वेधशाळावाला:
दादा, तो 4 तापमापकाच्या पेटीतला, छातीएवढ्या उंचीवरचा. निरभ्र रात्री पान त्याहून गार होतं. रशियनमध्ये ‘झामरस्की’, इंग्रजीत ‘ग्राउंड फ्रॉस्ट’. पानावरचा पांढरा थर तो ‘इनेय’, म्हणजे ‘होरफ्रॉस्ट’. धुक्यात तारांवर, फांद्यांवर साचतो तो ‘इझमरस’, त्याला बहुतेक वेळा ‘राइम’.

गंगापूररोडकर:
काका, उपकार झाले. पण मी तिन्हींना सरसकट ‘फ्रॉस्ट’ ठोकलंय हो, पहिल्या पानापासून. शुक्रवार गेला.