छपाई थोडी, शाई मात्र संपलेली: कार्ट्रिजची शाई जाते कुठे?

प्रश्न: खानापूरची शिकवणीवाली

नमस्कार. मी खानापूरला घरीच मराठी माध्यमाच्या आठवी ते एस.एस.एल.सी.च्या (दहावीच्या) मुलांची शिकवणी घेते. सराव प्रश्नपत्रिकांसाठी एक काळे आणि एक तिरंगी अशा दोन कार्ट्रिजचा साधा इंकजेट प्रिंटर घेतला आहे. माझी छपाई बहुतेक काळीच असते. रंगीत पान निघते ते भूगोलाच्या एखाद्या नकाशापुरते. तरीही रंगीत कार्ट्रिज काळ्याच्या आधी संपले, आणि ते संपले म्हणून आता प्रिंटर काळी पानेसुद्धा छापण्यास नकार देतो. एप्रिल-मेच्या सुट्टीत तो जवळपास बंदच होता. जूनमध्ये पहिली प्रश्नपत्रिका काढली, तर प्रत्येक ओळीच्या पोटातून पांढरी रेघ गेलेली. दोन नव्या कार्ट्रिजची किंमत नव्या प्रिंटरच्या जवळ जाते, आणि खोक्यावर छापलेली पानांची संख्या मला एकदाही मिळालेली नाही. ही शाई नेमकी जाते कुठे? दुसरा प्रिंटर घ्यायचाच झाला, तर कोणत्या प्रकारचा घ्यावा?

उत्तर: बेळगावचा दुरुस्तीवाला

ताई, शाई कागदावर कमी आणि प्रिंटरच्या पोटात जास्त जाते. इंकजेटची छिद्रे केसापेक्षा बारीक असतात, आणि त्यांत शाई वाळू नये म्हणून प्रिंटर सुरू होताना, बऱ्याच दिवसांच्या खंडानंतर आणि कधी छपाईच्या मध्येही स्वतःहून सफाई करतो. त्या वेळी काळ्याबरोबर रंगीत शाईही ओढून टाकली जाते. प्रिंटर उघडला की उजव्या कोपऱ्यात तळाशी नमद्यासारखा जाड स्पंज दिसतो. जुन्या यंत्रात तो निळसर काळ्या शाईने इतका थबथबलेला असतो की बोट लावले तर दोन दिवस डाग जात नाही. तुम्ही पैसे देऊन घेतलेल्या शाईचा मोठा वाटा तिथे असतो.

खोक्यावरची संख्या खोटी नसते, पण ती आयएसओ/आयईसी २४७११ या मानकाप्रमाणे ठरावीक नमुना पाने जवळपास सलग छापून काढलेली असते. आठवड्यातून चार पाने काढणाऱ्याला ती मिळणे शक्य नाही. शिवाय नव्या प्रिंटरसोबत येणाऱ्या कार्ट्रिजमध्ये अनेकदा शाई कमी भरलेली असते.

आता लगेच करता येण्यासारखे सांगतो. छापताना ‘ग्रेस्केल’मध्ये ‘फक्त काळी शाई’ हा पर्याय निवडा, कारण तसे न केल्यास पुष्कळ प्रिंटर तीन रंग मिसळून काळा तयार करतात. काही प्रिंटरमध्ये रिकामे रंगीत कार्ट्रिज काढून ठेवले की एकट्या काळ्यावर छपाई चालते, तर काहींमध्ये ‘स्टॉप’ बटण सुमारे पाच सेकंद दाबून ठेवल्यावर शाईची सूचना बंद होते. तुमच्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत पाहा. आणि प्रिंटर नेहमी त्याच्याच बटणाने बंद करा. भिंतीवरचे बटण थेट बंद केले, की हेड, म्हणजे शाईची छिद्रे असलेला भाग, टोपीखाली न जाता उघडे राहते आणि शाई वाळते. आपल्याकडे पावसाळ्यात वीज अचानक जाते तेव्हाही हेच होते.

उत्तर: निपाणीचे ऑनलाइन केंद्र

आमच्याकडे दिवसभर उतारे, जातीचे दाखले आणि कन्नड-मराठी दोन्ही भाषांतले अर्ज निघतात, म्हणून कार्ट्रिज सोडून टाकीचा प्रिंटर घेतला. एप्सनच्या तशा प्रिंटरची काळ्या शाईची ६५ मिलिलिटरची बाटली सुमारे ४,५०० पानांसाठी असल्याचे कंपनी सांगते. कार्ट्रिजच्या तुलनेत पानामागचा खर्च इतका उतरतो की आम्ही रंगीत छपाईलाही मागेपुढे पाहत नाही. मात्र टाकी म्हणजे शाई वाळण्यातून सुटका नव्हे. छिद्रे तीच, सफाई तीच. ताईंसारखी दोन महिने सुट्टी असेल, तर आठवड्यातून एखादे रंगीत पान काढावे लागेल. नाहीतर जूनमध्ये पुन्हा तीच पांढरी रेघ दिसेल.

उत्तर: चिकोडीचे निवृत्त शिक्षक

प्रश्नपत्रिकेला रंगाची गरज नसेल, तर काळ्या छपाईचा साधा लेसर प्रिंटर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. टोनर ही कोरडी पूड असल्यामुळे तो वाळत नाही, आणि सुट्टीनंतरचे पहिले पानही स्वच्छ येते. अडचण विजेची आहे. पूड कागदावर पक्की बसवणारा भाग तापताना एकदम मोठा भार ओढतो, त्यामुळे घरगुती इन्व्हर्टरवर लेसर चालवू नये. वीज गेली की थांबावे. खानापूरच्या पावसात कागद ओलसर होऊन वळतो आणि अडकतो, म्हणून रिम उघडल्यावर ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावी. मुळात ठळक अक्षर आणि पानभर जाड चौकटी टाळल्या, तर कोणत्याही प्रिंटरची शाई वाचते.

खानापूरची शिकवणीवाली

सर्वांचे आभार. लेसर घेईपर्यंत आहे ते काळे कार्ट्रिज रीफिल करून घेतले तर चालेल का?

बेळगावचा दुरुस्तीवाला

चालेल, पण ते पूर्ण कोरडे होण्याआधी आणा. तुमच्यासारख्या दोन कार्ट्रिजच्या प्रिंटरमध्ये हेड बहुधा कार्ट्रिजवरच असते. ते शाई तापवून थेंब फेकणाऱ्या जातीचे असेल, तर शाई नसताना छापत राहिल्यास जळते, आणि मग कितीही भरली तरी रेघा जात नाहीत. नुसते वाळलेले असेल, तर कोमट पाण्याने ओलसर केलेल्या टिश्यूवर छिद्रांची बाजू मिनिटभर टेकवा. काळा पट्टा सलग उमटला तर ते भरण्याजोगे आहे. तांब्याच्या पट्टीला पाणी लागू देऊ नका. आणखी एक गोष्ट: काही कंपन्या फर्मवेअरच्या, म्हणजे प्रिंटरच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या, अपडेटमधून बाहेरच्या चिपची कार्ट्रिज अडवतात. एचपीने २०१६मध्ये असे केल्यावर ग्राहक चिडले, आणि कंपनीला दिलगिरी व्यक्त करून ती अडवणूक काढणारे वेगळे अपडेट द्यावे लागले. मूळ कार्ट्रिज भरून घेतल्यास चिप कंपनीचीच राहत असल्याने ही अडचण सहसा येत नाही; शाईची पातळी मात्र पडद्यावर रिकामीच दिसत राहील, तिकडे लक्ष देऊ नका.