मदत हवी आहे: भाचीचं पार्सल जर्मनीच्या कस्टममध्ये अडकलंय, सोडवायचं कसं?

खानापूरचा_मामा
नमस्कार मंडळी. भाची व्हॉलंटियर म्हणून जर्मनीला गेली आहे, तिथल्या एका कुटुंबात राहते. जेवणाचे हाल आहेत. खाऊचं पार्सल पाठवलं तर कस्टमवाल्यांनी धरून ठेवलंय. तिला जर्मनमध्ये चिठ्ठी आली आहे. इथून ज्यांनी पाठवलं ते हात वर करतात. कोणाची ओळख असेल तर लगेच सांगा, गणपतीच्या आत मिळायला पाहिजे.

टिळकवाडीकर
पार्सलात काय काय आहे? फॉर्मवर काय लिहिलंत? चिठ्ठीत कारण दिलं असेल की.

खानापूरचा_मामा
खाऊच आहे ओ. फॉर्मवर 'फूड आयटम्स' लिहिलंय. चिठ्ठी वाचायला तिला वेळ कुठाय, पहाटेची ड्युटी असते.

सीमावासी865
पाठवणाऱ्याच्या पत्त्यात बेळगाव लिहिलंत की बेळगावी? 2014 पासून सरकारी कागदावर बेळगावी आहे. तिथं अडकलं असेल.

निपाणीकर
कस्टम जर्मनीचं आहे, बंगळूरचं नाही. प्रत्येक धाग्यात हे आणलंच पाहिजे काय?

सीमावासी865
तुम्हाला काय, पूल ओलांडला की कागल, म्हणजे महाराष्ट्र. आमच्या दुकानाच्या पाटीवर 60 टक्के कन्नड रंगवायला लागलंय, ते बघायला या एकदा.

मावशीचा_सल्ला
पार्सल राहू दे, आधी तिला हक्क सांगा. आठवड्याला 30 तासांच्या वर काम घेता येत नाही आणि स्वतंत्र खोली द्यावीच लागते. माझ्या नणंदेच्या मुलीला मुलं सांभाळून वर इस्त्रीही करायला लावत होते.

अनगोळची_सून
मावशी, ते ओ-पेअरचे नियम, म्हणजे कुटुंबात राहून त्यांची मुलं सांभाळणाऱ्यांचे. ही व्हॉलंटियर आहे, ते खातं वेगळं. मामा, ती काम कुठे करते?

खानापूरचा_मामा
वृद्धाश्रमात. घरी फक्त राहते. तेवढंच पार्सलचं सांगा.

अनगोळची_सून
मी स्टुटगार्टजवळ असते, म्हणून सांगते. भेट म्हणून पाठवलेल्या पार्सलवर 45 युरोपर्यंत ड्युटी नाही, पण ते किमतीचं झालं. युरोपियन युनियनच्या बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ पोस्टाने येऊच देत नाहीत, घरचे असोत नाहीतर दुकानचे. कुंदा घातलाय काय? तो दुधाचाच.

खानापूरचा_मामा
बेळगावातून पार्सल आणि कुंदा नाही, असं होतंय काय? अर्धा किलो आहे. बाकी लसणाची चटणी, मेतकूट, सांडगे. आणि कडेला गोळ्यांची पाकिटं.

अनगोळची_सून
कसल्या गोळ्या?

खानापूरचा_मामा
पित्ताच्या, सर्दीच्या. इथं मेडिकलात कोणीपण देतंय. त्यात काय एवढं?

अनगोळची_सून
भारतातून पोस्टाने औषधं मागवायला जर्मनीत बंदी आहे, सर्दीची असली तरी. कुंदा आणि गोळ्या सोडून द्या. तिने चिठ्ठी घेऊन कस्टम ऑफिसात जावं, पार्सल समोर उघडू द्यावं आणि बाकीचं देता का विचारावं. वस्तूंची यादी किमतीसकट तिला आजच पाठवा. चिठ्ठीवर मुदत असते, ती संपली की पार्सल परत.

गोकाक_फॉल्स
कुंद्याऐवजी करदंट पाठवायचा होता. डिंक, गूळ, सुकामेवा, खवा नाही. टिकतोही.

टिळकवाडीकर
त्यात तूप असतंय, ते दुधाचंच झालं की.

गोकाक_फॉल्स
तुमच्या कुंद्यापेक्षा बरा.

निपाणीकर
मामा, हाल म्हणजे नेमके काय? माझा मुलगा असाच राहून आला. त्यांचं गरम जेवण दुपारी. संध्याकाळी ब्रेड, चीज, काकडी, तेही सातच्या आत. आपल्याला वाटतं उपाशी ठेवतात, पण घरमालकही तेच खातात. भाचीला दुपारी आश्रमात जेवायला मिळतंय काय?

खानापूरचा_मामा
मिळतंय. पण रात्री भात लागतो तिला. एकदा आमटीला फोडणी दिली तर छताचा धुराचा अलार्म कोकलला. घरातला म्हातारा स्टुलावर चढून टॉवेलने वारा घालतोय आणि ही मोहरीचा तवा घेऊन गॅलरीत. तेव्हापासून हात लावत नाही कशाला.

निपाणीकर
मग तिने खिडकी उघडून, तेल कमी तापवून पुन्हा करावं, आणि त्यांनाही वाढावं. आमच्या पोराने शनिवार धरला होता. आधी फक्त भात खायचे, पुढं आमटी मागून घ्यायला लागले. तांदूळ, तूरडाळ, मोहरी तिथल्या आशियाई दुकानात मिळते. रविवारी दुकानं बंद, शनिवारीच आणायला सांगा.

मावशीचा_सल्ला
पण इस्त्रीचं विचारून घ्या.

खानापूरचा_मामा
यादी पाठवली. गोळ्या लिहिल्या नाहीत, उगाच शंका नको.

अनगोळची_सून
अहो मामा, पार्सल तिच्यासमोर उघडणार आहेत. लिहा की.

सीमावासी865
यादीवर पत्ता बेळगावच लिहा.

शहापूर_पेठ
मध्येच विचारतो. टिळकवाडीत जर्मनचा चांगला क्लास कुठाय? मुलगी बारावीला आहे.