समुद्र नाही तरी वादळावर डोळे लावून बसलेल्यांचा धागा

खान्देशाला समुद्र नाही. तरी चक्रीवादळाची बातमी आली की घराघरात मोबाईलवर तो पांढरा भोवरा फिरायला लागतो, कारण कोणाचा पोरगा कोकणात मास्तर, कोणाची बहीण सुरतला, कोणाची केळी कापणीला आलेली. वादळ किनाऱ्याला लागायच्या आधीचे तास तुम्ही कसे काढले ते लिहा. तिथे होतात की इथून बघत होतात, दोन्ही चालेल. टीव्हीवर काय दाखवलं ते नको, ते सगळ्यांनी पाहिलंय.

पारोळा (तेव्हा श्रीवर्धन तालुक्यात शिक्षक)

निसर्ग चक्रीवादळ, ३ जून २०२०. आदल्या दिवशी किनाऱ्यावर गेलो तर कोळी लोकं होड्या ओढून पार नारळांपर्यंत आणत होती, एकाने दोर माझ्या हातात दिला, म्हणे मास्तर बघत काय बसलात, धरा. लाटा तशा फार मोठ्या नव्हत्या पण आवाज वेगळा, खालून आल्यासारखा. कोरोना चालू म्हणून शाळेत लोकं अंतर ठेवून बसवायची असं वरून सांगितलेलं, कसलं अंतर भो, म्हाताऱ्या, पोरं, बकऱ्या सगळं एका वर्गात. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा भरला. व्हरांड्यातून समोर सुपारीची बाग दिसायची, थोड्या वेळाने बागेमागचं घर दिसायला लागलं. टॉवर गेले, घरी फोन नाही. आणि गंमत बघा, तेच वादळ जमिनीवर मोडत मोडत वर सरकलं आणि ४ जूनला त्याचाच उरलेला पाऊस आमच्या पारोळ्याच्या अंगणात. वडील आईला म्हणे, हाई पानी पोऱ्याकडनं उनं (हे पाणी पोराकडून आलं). माझा आवाज त्यांना ऐकू आला तो बऱ्याच दिवसांनी, तोही मी घाटात जाऊन फोन लावला तेव्हा.

सुरत, लिंबायत (मूळ शिंदखेडा)

तौक्ते, १७ मे २०२१. ते रात्री दीव-उना बाजूला लागलं, म्हणजे आमच्यापासून खंभातच्या आखाताच्या पलीकडे, तरी आमचे पत्रे रात्रभर वाजले. आईला वाटतं समुद्र आमच्या गल्लीच्या तोंडाशीच आहे, दर थोड्या वेळाने फोन, पाणी आलं का पाणी आलं का.

जळगाव

माझी मुलगी-जावई फ्लोरिडात टँपाला आहेत. मिल्टन, ऑक्टोबर २०२४, आपल्याकडे नवरात्र, घरात घट बसलेले. तिकडे दोनच आठवड्यांपूर्वी हेलीन वादळ येऊन गेलेलं, त्याचा कचरा अजून रस्त्याकडेला, त्यात हे. एका दिवसात पाचव्या म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीत गेलं, वारा ताशी २८० किमीच्या वर, जावई म्हणे मेक्सिकोच्या आखाताचं पाणी तापलेलं आहे त्यावर ते पोसलं जातंय. त्यांच्या भागाला निघा म्हणून ऑर्डर आली, पंपावर पेट्रोल संपलेलं, हायवेवर गाड्यांची रांग, आणि ही मला व्हिडिओ कॉलवर डिकी दाखवतेय, पासपोर्ट, नातीचे कपडे, पाण्याचे कॅन आणि मी पाठवलेला बिबड्यांचा (ज्वारीच्या पापडांचा) डबा. मी म्हटलं बाई बिबडे कशाला, तर म्हणे मम्मी ते इकडे मिळत नाहीत.

त्या रात्री आमच्याकडे कोणी झोपलं नाही. शेवटी ते टँपाच्या जरा खाली, सारासोटाजवळ सिएस्टा की नावाच्या बेटावर लागलं, आपल्याकडे १० तारखेची सकाळ, सहाचा सुमार. मी घटाला पाणी घालत होते तर जावयाचा मेसेज, टँपाच्या खाडीतलं पाणी उलट बाहेर ओढलं गेलंय, समुद्र आत शिरला नाही. वादळ दक्षिणेकडून गेलं की वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहतो म्हणे. आपलं वाचलं म्हणजे दुसऱ्या कोणाचं तरी गेलं हे आता लिहिताना मनात येतंय, तेव्हा नाही आलं, देवीसमोर बसून नुसती रडले.

साक्री

एक डाउट, असं पूर्ण ताकदीचं वादळ आपल्याकडे येऊ शकतं का?

अमळनेर

नाही भो. त्याला २६-२७ डिग्रीच्या वर तापलेलं समुद्राचं पाणी लागतं, जमिनीवर आलं की खुराक बंद. आपल्यापर्यंत येतो तो पाऊस नाहीतर त्याने अडवलेला मान्सून. २०२३ चं बिपरजॉय आठवा, ६ जूनला तयार झालं ते १५ तारखेला कच्छात जखाऊला लागलं, तोवर समुद्रातच बसून होतं. इकडे मान्सून ११ जूनला रत्नागिरीपर्यंत आला आणि तिथेच अडकला, मुंबईला पोचला २५ ला. कपाशीच्या बियाण्याची पाकिटं माझ्या खाटेखाली, बायको रोज विचारायची लावायचं का परत करायचं. सगळ्यांना कच्छच्या लोकांची काळजी, मलाही होती, पण मी दिवसभर मोबाईल उघडायचो तो पाकिटांपायी.

रावेर

आमच्याकडे वादळाला नाव नसतं. मे महिन्यात संध्याकाळी सातपुड्याकडून काळं येतं, अर्ध्या तासाचा खेळ, घड लागलेलं केळीचं झाड आधी मधात वाकतं मग कट्ट करून मोडतं, एक मोडलं की शेजारचं घेऊन पडतं. विम्याला गेलं तर वारा मोजायचं यंत्र महसूल मंडळाच्या गावात, तिथे म्हणे पान हललं नाही.

तौक्तेच्या वेळेला पहिल्यांदा असं झालं की वारा येण्याच्या आधी दोन-तीन दिवस आम्हाला माहीत होतं. नकाशावर वादळाची लाइन मुंबईच्या बाजूने वर चाललेली, आपल्याकडे किती वारा येईल ते ॲपमध्ये गावाचं नाव टाकून बघायचो, दर वेळी आकडा वेगळा. मृगबाग (मृगात लावलेली केळी) ऐन कापणीला, म्हटलं निदान बांधाकडच्या रांगांना टेकू लावू. बांबूवाल्याकडे गेलो तर त्याने भाव आदल्या रात्रीच वाढवून ठेवलेला. त्याच्याकडे पण तेच ॲप.