नाग नदीकाठचं माहेरचं घर, आधी काय करावं?

प्रश्न: भाऊजी गेल्यावर ताई आता वडिलांच्या जुन्या घरात राहणार आहे. सप्टेंबर २०२३ च्या पुरात तिथे कमरेइतकं पाणी होतं. भिंतींचे पोपडे निघताहेत. भाऊ हिस्सा सोडायला तयार आहे.

उत्तर १: वरून सिमेंट थापू नका, ओल आत कोंडते. पुराच्या खुणेच्या फूटभर वरपर्यंत प्लास्टर खरवडा, विटा उन्हाळाभर उघड्या ठेवा (नागपूरचं ऊन फुकटच आहे!), मग १ भाग चुना, ३ भाग वाळूचं प्लास्टर करा.

उत्तर २: स्विचबोर्ड खुणेच्या वर घ्या. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच.

उत्तर ३: खर्चाआधी आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे शहरातल्या मिळकतीचा सरकारी उतारा) काढा, वारसनोंद करा. भावाचं हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवं; नुसत्या नोटरीवर भागत नाही.