मदत हवी आहे : मोबाइल एआरमध्ये फोन धरण्याचा ताण कसा मोजावा?

नमस्कार. मोबाइलवरील ऑगमेंटेड रिॲलिटीमध्ये (एआर, म्हणजे कॅमेऱ्यातून दिसणाऱ्या खऱ्या दृश्यावर आभासी वस्तू दाखवण्याचे तंत्र) वापरकर्ता आभासी वस्तू कशी हाताळतो, या विषयावर मी प्रबंधासाठी संशोधन करत असून प्रयोगाच्या आखणीत अडकलो आहे. टेबलावर दिसणारी आभासी खुर्ची ठरलेल्या खुणेवर नेऊन योग्य कोनात फिरवायची, एकदा स्क्रीनवर बोटांनी आणि एकदा फोनच हलवून, असे प्रयोगाचे स्वरूप आहे.

प्राथमिक चाचणीत एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी खुर्ची फिरवताना फोन किंचित कलतो, त्यामुळे खुर्ची जागेवर असूनही दृश्य सरकते आणि सहभागी व्यक्ती न झालेली चूक दुरुस्त करू लागते. शिवाय बोटाखाली नेमकी खूणच झाकली जाते. लागणारा वेळ आणि अंतरातील चूक मी नोंदवतो, पण धरण्याचा ताण त्यांत उमटत नाही.

जॉन ब्रूक यांची १० विधानांची एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) प्रश्नावली सर्वसाधारण वापरसुलभतेसाठी चांगली आहे. मात्र हातात धरायच्या एआरसाठीच २०१४ मध्ये मांडलेली हारुस (हँडहेल्ड ऑगमेंटेड रिॲलिटी युजेबिलिटी स्केल) प्रश्नावली हाताळणी आणि आकलन वेगवेगळे तपासते, म्हणून माझा कल तिच्याकडे आहे.

जायरोस्कोपच्या (फोन किती वेगाने फिरतो हे मोजणाऱ्या सेन्सरच्या) नोंदींतून हाताची थरथर आणि हेतुपुरस्सर हालचाल वेगळी काढण्याची विश्वासार्ह पद्धत कोणती? तसेच पहिल्या पद्धतीत आलेला थकवा दुसऱ्या पद्धतीच्या निकालांत मिसळू नये, यासाठी क्रम बदलणे पुरेसे आहे, की दोन्ही पद्धतींसाठी वेगळे गटच घ्यावेत? असे प्रयोग प्रत्यक्ष केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.