मदत हवी आहे : महिला मंडळाचं १९५६ आधीचं रेकॉर्ड कुठं सापडेल?

नमस्कार, आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. गावच्या महिला मंडळाचा इतिहास लिहून काढतेय. मंडळ १९५५ चं, म्हणजे तेव्हा आपला विदर्भ मध्य प्रदेशात, राजधानी नागपूर, १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात गेला, तिथंच सगळा घोळ आहे. पहिलं प्रोसिडिंग बुक वाळवीनं खाल्लं, जी पानं उरली त्यावर सह्या कमी अन् अंगठेच जास्त, एका पानावर "बालवाडीसाठी २ पायली ज्वारी जमा" एवढंच वाचता येते. यवतमाळच्या धर्मादाय कार्यालयात जाऊन आली, तिथं नोंद १९६२ ची निघाली, पण ती नवीन नोंदणी की जुनीच ट्रान्सफर झालेली ते कळत नाही. ग्रामपंचायतीत काहीच नाही. म्हाताऱ्या बायांच्या आठवणी फोनवर रेकॉर्ड केल्या, पण साल कोणालेच आठवत नाही, "त्या वर्षी कापूस चांगला झालता" म्हणतात! समाजकल्याण बोर्डाची ग्रांट मिळाली होती असंही सांगतात, बोर्ड १९५३ चं, म्हणजे जमू शकते. नागपूरला एकच चक्कर जमेल, शेतीची कामं आहेत. तर १९५६ आधीच्या संस्थांची नोंदणी अन् ग्रांटची कागदं नागपुरात नेमकी कोणत्या कार्यालयात पाहायला मिळतात, आणि अर्ज आधी करावा लागतो का?